मिठाचा तांडा: ‘हिमालय’ (१९९९) या सिनेमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी पाहुणे आले आणि दोन तास हाताशी असले की मी त्यांना हा सिनेमा दाखवतो. आजवर बऱ्याच जणांना दाखवला. दर वेळी साधारण तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली. गोष्टीचा उत्तरार्ध जिथे उघड होतो, तिथे आधी तसं सांगितलं आहे.

‘हिमालय’ आणि ‘कॅराव्हान’ हे दोन वेगळे सिनेमे आहेत का?

नाहीत, एकच आहे. १९९९ सालचा, एरिक वाली या फ्रेंच दिग्दर्शकाचा. फ्रेंच नावाचा अर्थ ‘हिमालय: एका नायकाचं बालपण’ असा काहीसा होतो; नायक म्हणजे इथे तांड्याचा म्होरक्या, सिनेमाचा हिरो नव्हे. नेपाळमध्ये तो ‘कॅराव्हान’ नावाने लागला. मला विचाराल तर ‘कॅराव्हान’च नेमकं, कारण सगळी गोष्ट तांड्याची आहे. आपल्याकडे ‘हिमालय’ म्हटलं की लोकांना केदारनाथ आठवतो आणि मग ते पहिली दहा मिनिटं देवळाची वाट बघत बसतात.

हा तिबेटचा सिनेमा आहे ना?

देश नेपाळ, माणसं तिबेटी. गोष्ट घडते डोल्पोमध्ये, म्हणजे नेपाळच्या वायव्येला तिबेटच्या सीमेला लागून असलेल्या उंच मुलखात. आजचा डोल्पा जिल्हा क्षेत्रफळाने नेपाळमधला सर्वांत मोठा आहे आणि त्याचं मुख्य ठाणं दुनै. पण वरच्या डोल्पोतली भाषा तिबेटीची बोली, धर्म बौद्ध आणि काही गावांत त्याहून जुना बोन, खाणं-पिणं, कपडे, लग्नाच्या रीती सगळं तिबेटी वळणाचं. १९५९ मध्ये चीनने तिबेटी उठाव चिरडला; त्यानंतर खुद्द तिबेटात जे मोडून पडलं, त्यातलं बरंच काही इथे टिकून राहिलं, कारण हा मुलूख आडवळणाला होता आणि काठमांडूचं त्याच्याकडे फारसं लक्ष नव्हतं. अर्थात दुर्लक्षाने संस्कृती टिकते तशी शाळा आणि दवाखानेही वर पोचत नाहीत. सिनेमा ही दुसरी बाजू फारशी दाखवत नाही.

गोष्ट काय आहे, शेवट न सांगता?

उत्तरेकडून मीठ घेऊन तांडा गावात परततो. सोबत नायक ल्हाक्पाचं प्रेत असतं, याकच्या पाठीवर. त्याचा बाप तिन्ले हा गावचा जुना नायक, हट्टी आणि तापट. मुलाच्या मित्राने, कर्माने, त्याला मारलं असं तो धरून चालतो. पुरावा काही नाही. गावातले तरुण म्हणतात, आता तांडा कर्माने न्यावा. म्हातारा म्हणतो, माझा नातू मोठा होईपर्यंत मीच नेईन. नातू जेमतेम शाळकरी वयाचा. लामा निघायचा मुहूर्त काढून देतात. कर्मा मुहूर्त मोडून चार दिवस आधीच तरुणांना घेऊन निघतो. म्हातारा मुहूर्तालाच निघतो. सोबत त्याच्याच वयाचे दोस्त, विधवा सून पेमा, नातू आणि मठात चित्रं काढणारा धाकटा मुलगा नोर्बू, ज्याने आयुष्यात कधी तांडा हाकलेला नाही. त्यापुढे दोन तांडे आणि एक हिवाळा.

एवढा जीव धोक्यात घालायचा तो मिठासाठी? मीठ तर दहा-वीस रुपयांना मिळतं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सिनेमाही इथेच आहे. डोंगर सुंदर आहेतच, पण मी पाहुण्यांना सांगतो, डोंगर नंतर बघा, आधी पोती बघा.

वरच्या डोल्पोतली शेतं साधारण चार हजार मीटरवर. वर्षाला एकच पीक, मुख्यतः सातू. ते घरच्यांना वर्षभर पुरत नाही. मग उरलेल्या महिन्यांची सोय काय? तर व्यापार. उत्तरेला तिबेटच्या पठारावर खाऱ्या पाण्याची तळी आहेत. तिथले भटके पशुपालक, ज्यांना द्रोक्पा म्हणतात, मीठ गोळा करून सीमेपर्यंत आणायचे. त्यांच्याकडे धान्य पिकत नाही. डोल्पोची माणसं त्यांना धान्य द्यायची, मीठ घ्यायची, आणि ते मीठ याकवर लादून दक्षिणेला खालच्या खोऱ्यांत न्यायची. खालच्या लोकांना ते रोंगपा म्हणतात. त्यांच्याकडे धान्य भरपूर, पण समुद्र शेकडो कोस दूर, त्यामुळे मिठाला मोल. उत्तरेला थोड्या धान्यात जास्त मीठ, दक्षिणेला थोड्या मिठात जास्त धान्य. या दोन दरांमधला जो फरक, त्यावर डोल्पोचा हिवाळा निघायचा.

म्हणजे खिंडी बर्फाने बंद व्हायच्या आत तांडा उतरला नाही, तर गावाला उपास. त्यामुळे ‘तांडा कोण नेणार’ हा मानापानाचा प्रश्न उरत नाही. नायक चुकला तर लोक उपाशी मरतात. म्हातारा आणि कर्मा भांडतात तेव्हा मागे उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे बघा. त्यांचा हिशेब चाललेला असतो.

माझी आत्या उरणची. तिच्या माहेरी मिठागरं होती. अख्खा सिनेमा तिने गप्प बसून पाहिला आणि शेवटी एवढंच विचारलं, “पोती लोकरीची दिसतात. बर्फात भिजली तर मीठ पाझरणार नाही का?” इतका नेमका प्रश्न मला आजवर दुसऱ्या कुणी विचारलेला नाही. (लोकरीची घट्ट वीण बरंचसं तोलून धरते, आणि कडाक्याच्या थंडीत बर्फ कोरडं असतं. भिजवतं ते खालचं, वितळणारं बर्फ.)

आणि आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. कोकणातलं मीठ बैलांवर लादून घाट चढणारे आणि धान्य घेऊन फिरणारे लमाण आणि वंजारी आपल्याकडेही होतेच. ‘लमाण’ हा शब्द ‘लवण’वरून आला असं मानतात. ‘तांडा’ हा शब्दही त्यांचाच. तो मी इथे वापरतो तो उगाच नाही.

याकच का? घोडे किंवा खेचरं का नाहीत?

खेचरं खालच्या वाटांवर चालतात. पाच हजार मीटरच्या खिंडीत, गुडघाभर बर्फात, ओझं घेऊन चालावं आणि वाटेत मिळेल ते खुरटं गवत खाऊन जगावं, हे याकचं काम. फुप्फुसं मोठी, केस पोटाखाली लोंबतात एवढे लांब. उलट फार खाली आणलं की उकाड्याने त्याचे हाल होतात. एक गंमत: ‘याक’ म्हणजे फक्त नर. मादीला ‘ड्री’ म्हणतात. त्यामुळे ‘याकचं दूध’ आणि ‘याकचं लोणी’ म्हटलं की तिबेटी माणूस हसतो. आपल्याकडे कुणी ‘बैलाचं दूध’ म्हणावं, तसं.

प्रेत गिधाडांना देतात ते खरंच तसं करतात की सिनेमासाठी?

खरंच करतात. तिबेटी नावाचा अर्थच ‘पाखरांना दान’ असा आहे. कारणं दोन आहेत आणि ती एकमेकांत मिसळलेली आहेत. झाडं जिथे संपतात त्याच्याही वर ही गावं. चितेला लाकूड आणायचं कुठून? जमीन खडकाळ आणि वर्षातले बरेच महिने गोठलेली, पुरायचं कसं? आणि बौद्ध विचाराने पाहिलं तर जीव निघून गेल्यावर देह म्हणजे रिकामं भांडं. ते भुकेल्या जिवाच्या कामी आलं तर तेवढंच पुण्य.

मुंबईकरांनी तर नाक मुरडू नये. मलबार हिलवर पारश्यांची डुंगरवाडी, म्हणजे प्रेतं गिधाडांसाठी ठेवायची जागा, आहेच. तिथली गिधाडं गेली ती जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे. मेलेल्या जनावरात ते उरायचं आणि खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये भारताने आणि नेपाळनेही जनावरांसाठी त्यावर बंदी घातली.

मग मुलांसोबत बघावा का?

आठ-नऊ वर्षांच्या पुढे, हो. तो प्रसंग भडक केलेला नाही. आधी दोन वाक्यांत सांगून ठेवा, बस. गोष्टीतला नातू त्यांच्याच वयाचा आहे, मुलं त्याला धरून बसतात.

नावांचा फार गोंधळ होतो. काही युक्ती?

तिबेटी माणसं बऱ्याचदा वारावरून नाव ठेवतात. ल्हाक्पा म्हणजे बुधवार, पासांग म्हणजे शुक्रवार, न्यिमा म्हणजे रविवार. पालघरकडच्या पाड्यांवर बुध्या आणि शुक्र्या भेटतात, तेच. आणि ही नावं बाई-पुरुष दोघांनाही चालतात. त्यामुळे गोष्टीत मेलेला मुलगा ल्हाक्पा, आणि पेमाचं काम करणारी अभिनेत्रीही ल्हाक्पा. पेमा म्हणजे आपलं पद्मा. नोर्बू म्हणजे रत्न. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कलाकार खरे डोल्पोचे आहेत का?

बहुतेक सगळे. तिन्लेचं काम करणारे थिन्ले ल्होंडुप हे डोल्पोतलेच, स्वतः तांडे नेलेले. अभिनय शिकलेला माणूस ओझ्याचा दोर इतक्या सवयीने आवळू शकत नाही. त्यांचा हात बघा: बोलताना समोरच्याकडे नजर, आणि बोटं आपोआप गाठ चाचपत असतात. गावकरी आणि लामाही खरेच आहेत.

पेमाचं काम करणारी ल्हाक्पा त्सामचो मात्र वेगळी. ती कर्नाटकातल्या बैलकुप्पेच्या तिबेटी वसाहतीत वाढलेली, आणि याआधी १९९७ मध्ये एका हॉलीवूडपटात झळकलेली. म्हणजे म्हैसूरच्या उन्हात वाढलेल्या मुलीला कॅमेऱ्यासमोर याक हाकावे लागले. अशा वसाहती दक्षिणेतच आहेत असं नाही; गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात नोरग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे, १९७० च्या दशकापासून. आणि दर हिवाळ्यात आपल्या शहरांत रस्त्याकडेला स्वेटरचे गाळे लावणारे तिबेटी तर सगळ्यांनीच पाहिलेत. आपण भाव करतो, बाकी काही विचारत नाही.

म्हातारा बरोबर की कर्मा? (इथे उत्तरार्ध उघड होतो.)

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शंभर टक्के कर्माच्या बाजूने होतो. मुहूर्त बघून बर्फ पडायचं थांबतं का? पण गोष्ट पुढे सरकते तशी पंचाईत होते. म्हातारा आगीत मीठ टाकतो, त्याचा आवाज ऐकतो आणि सांगतो की वादळ येणार, आत्ताच निघा. आकाश निरभ्र असतं. कर्मा हसतो. वादळ येतं.

इथे सिनेमाने ‘परंपरा खरी, तरुण चूक’ असा निकाल लावला असता तर मी तो पुन्हा पाहिला नसता. म्हाताऱ्याला आभाळ कळतं, माणूस कळत नाही. ज्याच्यावर त्याने मुलाच्या खुनाचा आळ घेतला, तोच बर्फात कोसळलेल्या म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन चालतो. कर्माला चालवायला जमतं, पण कधी थांबायचं आणि कधी निघायचं ते अजून उमगलेलं नाही. दोघांचा मिळून एक नायक होतो. मिठाच्या आवाजाला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही. मीठ हवेतला ओलावा पटकन धरतं, हे पावसाळ्यात डब्यातलं मीठ चिकटलेलं पाहणाऱ्या कुठल्याही घरात ठाऊक असतं. मुहूर्ताचं मात्र मला अजून पटत नाही.

तळ्याकाठची ती भयंकर वाट खरी आहे का?

आहे. तळ्याचं नाव फोक्सुंडो. उंची ३,६११ मीटर, काठाला रिंग्मो नावाचं गाव, पाण्याचा रंग असा निळा की कुणीतरी शाई ओतली असावी. पश्चिमेच्या कड्यात वाट कोरलेली आहे. जिथे कडा सरळ पाण्यात उतरतो तिथे लाकडं ठोकून त्यावर दगड-माती टाकून पायवाट केलेली. गोष्टीत म्हातारा वेळ वाचवायला हीच वाट धरतो, वाट ढासळते, आणि एक याक पोत्यांसकट खाली तळ्यात जातो. त्या क्षणी सगळे याककडे बघतात. आता तुम्ही पोत्यांकडे बघाल अशी आशा आहे. एका घराचे किती दिवसांचे घास पाण्यात गेले?

शूटिंग किती अवघड होतं?

नऊ महिने, प्रत्यक्ष डोल्पोमध्ये, जिथे त्या काळी पायी जाण्यावाचून इलाज नव्हता. कॅमेरे, फिल्मची रिळं, तंबू, शिधा सगळं माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवर. शिवाय रुंद पडद्याच्या मापात चित्रण. एरिक गिशार यांना छायाचित्रणासाठी आणि ब्रुनो कूले यांना संगीतासाठी फ्रान्सचा सीझर पुरस्कार मिळाला. निर्माते होते जाक पेराँ, ‘सिनेमा पॅराडिसो’मध्ये मोठेपणीचा साल्वातोरे झालेला नट.

संगीताबद्दल?

सुंदर आहे, पण मला दोन-तीन ठिकाणी जास्त वाटतं. याकच्या गळ्यातल्या घंटा आणि वारा पुरला असता.

परक्या दिग्दर्शकाने केलेला सिनेमा. म्हणजे पर्यटकाच्या नजरेने दाखवलेलं दारिद्र्य का?

शंका रास्त आहे. वाली हे मुळात छायाचित्रकार. नेपाळमध्ये त्यांनी कित्येक वर्षं काढली. कड्यावरचा मध काढणाऱ्या लोकांची त्यांची छायाचित्रं जगभर गाजली. ते डोल्पोत आठवड्याभरासाठी गेलेले पाहुणे नव्हते, आणि गोष्ट तिथल्या माणसांच्या आठवणींतून उभी राहिलेली आहे. माणसं कुठेही बिचारी दिसत नाहीत, गर्विष्ठ आणि चिडकी दिसतात, हे मला मोठं काम वाटतं.

तरी खोट आहेच. सगळं फार स्वच्छ, काळाच्या बाहेरचं वाटतं. एक थर्मास नाही, चिनी बनावटीचा कॅनव्हासचा बूट नाही, सरकारचा माणूस नाही. सीमा, चीन, काठमांडू यांचा मागमूस नाही. ‘केव्हाची गोष्ट?’ असं पाहुणे विचारतात आणि सिनेमा उत्तर देत नाही. खरं तर १९९९ मध्ये हा व्यापार उतरणीला लागून तीस-चाळीस वर्षं होत आली होती. बायकांनाही न्याय कमी मिळाला. पेमा चालते, सोसते, बघते. तिने काय ठरवलं ते आपल्याला फारसं कळत नाही.

मग तांडे आता बंद पडले का?

जुन्या अर्थाने, जवळजवळ. १९५९ नंतर चीनने सीमेवरची ये-जा आवळत नेली. डोल्पोचे याक हिवाळ्यात पलीकडच्या तिबेटी कुरणांत चरायला जायचे, तेही थांबलं आणि जनावरं मेली. दुसरीकडून, म्हणजे दक्षिणेकडून, भारतातलं मीठ आलं: स्वस्त, आणि आयोडीन घातलेलं. तिबेटी मिठात आयोडीन नसल्यामुळे डोंगरात गलगंड घरोघरी होता, तेव्हा हे मीठ आलं ते बरंच झालं. पण त्याने डोल्पोच्या हिशेबातला एक पाय काढून घेतला.

आता पैसा येतो तो यार्सागुम्बातून. ही अळीच्या अंगातून उगवणारी बुरशी, चिनी औषधांत सोन्याच्या भावाने जाते. नेपाळने २००१ मध्ये तिच्या विक्रीवरची बंदी उठवली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गावंच्या गावं गुडघ्यांवर बसून गवतात बोटभर काडी शोधत असतात, मुलांसकट.

ते सारखं कणकेसारखं काय मळून खातात?

त्साम्पा. भाजलेल्या सातूचं पीठ, लोणी-मीठ घातलेल्या चहात बोटांनी मळून. आपलं उन्हाळ्यातलं सातूचं पीठ ज्यांनी गूळ-पाण्यात कालवून खाल्लंय, त्यांना चव परकी वाटणार नाही. गूळ तेवढा वजा करा. नाव सातूचं असून आपल्या पिठात गहू आणि डाळंच जास्त असतात, हा भाग वेगळा.

नोर्बू भिंतीवर जी चित्रं काढतो ती कुणाची?

तेन्झिन नोर्बू या डोल्पोच्याच चित्रकाराची. नोर्बूचं पात्रही त्याच्यावरून बेतलेलं आहे. पिढीजात चित्रकारांच्या घरातला माणूस. ही चित्रं दिसतात तेव्हा सिनेमा थांबवून जवळून बघा. देवांच्या चित्रांची शिस्त तीच, पण त्यात याक, पोती आणि रांगेने चालणारी माणसं आली आहेत.

ऑस्कर मिळालं का?

नामांकन मिळालं. नेपाळने ऑस्करला पाठवलेला हा पहिलाच सिनेमा आणि तो थेट शेवटच्या पाचांत पोचला. मार्च २००० मधल्या सोहळ्यात पुरस्कार स्पेनच्या पेद्रो अल्मोदोवारला गेला. तोवर भारताची अशी नामांकनं दोनच होती, ‘मदर इंडिया’ आणि ‘सलाम बॉम्बे’. ‘लगान’ नंतर आला. आपला ‘श्वास’ २००४ मध्ये भारताची प्रवेशिका म्हणून गेला, पण शेवटच्या पाचांत आला नाही.

फोक्सुंडोला जाता येईल का?

पाय आणि रजा दोन्ही असतील तर. काठमांडूहून नेपाळगंज, तिथून छोट्या विमानाने जुफाल, पुढे चालत. वरच्या डोल्पोसाठी परदेशी माणसाला वेगळा परवाना काढावा लागतो, आणि तो महाग आहे. तळ्यापर्यंतचा भाग शे-फोक्सुंडो राष्ट्रीय उद्यानात येतो. हे उद्यान १९८४ मध्ये झालं, ३,५५५ चौरस किलोमीटरचं, नेपाळमधलं सर्वांत मोठं. सह्याद्रीत दर रविवारी चढता म्हणून सोपं जाईल असं धरू नका. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. ते तळं त्याच्या दुपटीहून उंच आहे, आणि खिंडी त्याच्याही पुष्कळ वर.

हा आवडला तर पुढे काय बघू?

‘द सॉल्टमेन ऑफ तिबेट’ (१९९७), उल्रिके कोख यांचा माहितीपट: याच मिठाचं उत्तरेकडचं टोक, तळ्यावरून मीठ गोळा करणारी माणसं. तिबेटी माणसाने स्वतः केलेला सिनेमा हवा असेल तर पेमा त्सेदेन यांचा ‘थार्लो’ (२०१५), एका मेंढपाळाची गोष्ट, काळी-पांढरी. तिथे मोटारसायकल आहे, ओळखपत्र आहे, मोबाइल आहे. ‘हिमालय’ने जे गाळलं ते सगळं. आधी ‘हिमालय’ आणि दुसऱ्या दिवशी ‘थार्लो’, या क्रमाने बघा.

मोबाइलवर पाहिला तर चालेल?

चालेल, पण याक मुंग्यांएवढे दिसतील आणि पोती दिसणारच नाहीत.